कार्यालयाच्या दारात बंदूक आली तर काय करायचं

आमचं मंगल कार्यालय बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर आहे, उचगाव फाटा सोडून पुढं, कर्नाटकाच्या हद्दीत. इथून बाची जवळ, आणि बाची ओलांडली की शिनोळी. शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. आमच्याकडच्या लग्नात निम्मं वऱ्हाड पल्याडचं असतं, कधी गोव्याकडनंही येतं. एवढी माणसं जमतात तेव्हा दोन-चार जणांकडं परवान्याची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर असणार, हे मी धरून चालते. शेतीवाले आहेत, क्वारीवाले आहेत, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं गावोगावी माजी सैनिक आहेत. माणसं वाईट नसतात. पण कायदा काय म्हणतो हे त्यांनाही ठाऊक नसतं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मलाही नव्हतं.

माझी चूक आधी सांगते, कारण तीच चूक अजून बरेच कार्यालयवाले करतात. कार्यालय सुरू करून तिसरं वर्ष असेल. नवऱ्यामुलाकडचे एक वयस्कर पाव्हणे ऑफिसात आले आणि पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. "वैनी, जेवण होईपर्यंत तुमच्या कपाटात ऱ्हाऊ दे, गर्दीत बरं न्हाई दिसत." हाताला जड लागलं तेव्हाच मला कळलं. तरी मी ते आहेराच्या पाकिटांशेजारी ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दोन तासांनी ते घेऊन गेले. मला वाटलं, किती जबाबदारीनं वागलो आपण.

पुढं एक निवृत्त फौजदार मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आले. बोलता बोलता मी हे सांगितलं तर ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, "ताई, ते दोन तास बंदूक कुणाच्या ताब्यात होती?" माझ्या. "परवाना तुमच्या नावावर आहे?" नाही. "मग त्या दोन तासांत धाड पडली असती तर विनापरवाना हत्यार तुमच्याकडं सापडलं असतं." शस्त्र कायदा १९५९, कलम २५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधं हत्यार विनापरवाना बाळगल्याची शिक्षा किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं, वर दंड. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. दुसऱ्याचं हत्यार आपल्या कपाटात, ड्रॉवरमध्ये, तिजोरीत ठेवून घेऊ नका. सोयीसाठी नाही, मानापानासाठी नाही, पाच मिनिटांसाठी नाही. कायद्यात सूट आहे ती फार अरुंद आहे. परवानाधारक स्वतः हजर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारानं दुसरा माणूस त्याचं हत्यार नेऊ शकतो, तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकालाच वापरायला देण्यासाठी. जेवण होईपर्यंत कार्यालयाच्या कपाटात ठेवणं यात कुठंच बसत नाही.

झाकून नेणं आणि दाखवणं

आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. बऱ्याच जणांना वाटतं की परवाना असला की हत्यार उघड लावावं आणि लपवून नेणं हा गुन्हा. नियम उलटा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी नेताना हत्यार पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि नेणाऱ्याच्या नीट ताब्यात असलं पाहिजे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असेल तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या गोष्टीत. लांब बंदूक असेल तर तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये. उघडी बंदूक खांद्याला टांगून चौकातनं चालत जाणं बसत नाही आणि नुसतं पॅन्टीत खोचून वर शर्ट सोडणंही बसत नाही.

त्याच नियमात पुढं आहे की सार्वजनिक जमाव, लग्न, सार्वजनिक जागा अशा ठिकाणी हत्यार मिरवणं आणि झाडणं पूर्ण बंद. लग्न हा शब्द त्यात स्पष्ट आहे. "हॉल खासगी आहे, मी भाडं भरलंय, माझ्या पोराचं लग्न आहे" हे म्हणणं इथं चालत नाही. परवाना रद्द होऊ शकतो. शिवाय २०१९ पासून कलम २५ मध्ये आनंदाच्या गोळीबारासाठी वेगळं पोटकलम आलं आहे. लग्नाची वरात, धार्मिक ठिकाण, सभा किंवा कुठल्याही कार्यक्रमात लोकांच्या जिवाला धोका होईल अशी गोळी झाडली तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला लागली नाही म्हणून सुटका होत नाही. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, आणि आमच्या कार्यालयाच्या मागं लगेच घरं आहेत, गच्चीवर पोरं असतात. या एका गोष्टीवर मी कुणाचंच ऐकत नाही.

जागा आपली असली तर आपला अधिकार किती

दोन बाजू वेगळ्या धरा. परवाना सरकार आणि धारक यांच्यातला. कुणाच्या घरात, हॉलमध्ये, गोठ्यात, फार्महाऊसवर जायची मुभा त्या परवान्यातनं मिळत नाही, ती जागेचा मालक देतो. मालकानं "हत्यार घेऊन आत नको" म्हटलं की विषय संपला. कारण द्यायची गरज नाही. दवाखाना, शाळा, बँक, सोसायटी, दुकान, सगळीकडं हेच. तुम्ही भाड्यानं हॉल दिला असेल तर अट आधी पावतीवर लिहिलेली असावी, म्हणजे बुकिंग करणाऱ्यालाही ती बांधते.

सांगूनही कुणी हटला नाही तर? भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ हे गुन्हेगारी अतिक्रमणाचं आहे, जुन्या आयपीसीत ४४१ आणि ४४७ होतं तेच. त्यात एक बारकावा आहे तो समजून घ्या. नुसतं आत थांबणं पुरत नाही. आधी रीतसर आत आलेला माणूस नंतर धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या इराद्यानं बेकायदा थांबला तर ते कलम लागतं. म्हणून "बाहेर जा" असं स्पष्ट सांगितलेलं असावं, दोन माणसांसमोर सांगितलेलं असावं आणि शक्यतो कॅमेऱ्यासमोर.

दुसरा बारकावा परवान्याचा. परवाना तपासायला मागण्याचा अधिकार कायद्यानं पोलिसाला आणि सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे, कलम १९. मला किंवा माझ्या वॉचमनला तो नाही. आम्ही विनंती करू शकतो. त्यानं दाखवला नाही तर आम्ही हिसकावून बघू शकत नाही, अंगझडती घेऊ शकत नाही. आत न सोडणं मात्र आपल्या हातात आहे. आमच्या आधीच्या वॉचमननं एकदा उत्साहात एका पाव्हण्याच्या कमरेला हात घातला होता. त्या पाव्हण्याकडं मोबाईलचं पाकीट निघालं आणि आम्हाला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. बंदूक निघाली असती तर आणखी वाईट. भरलेल्या हत्याराशी झटापट म्हणजे कुणाचा तरी जीव.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तो सांगतो की तिकडं दुकानाच्या दारावर ३०.०६ नावाची पाटी असते. तिथल्या दंड संहितेचं ते कलम. झाकून नेलेलं हत्यार आत नको असेल तर मालकानं ठरलेल्या शब्दांत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लिहून लावायचं. तशी पाटी वाचूनही आत गेला तर तो वेगळा गुन्हा. आपल्याकडं पाटीचा असा ठरलेला मजकूर कायद्यात नाही. पाटी म्हणजे मालकानं आधी सांगितल्याचा पुरावा, इतकाच तिचा उपयोग, पण तो मोठा आहे. दोन भाषांची कल्पना मात्र मी उचलली. आमच्या फाटकावर वर कन्नड, खाली मराठी. दुकानं-आस्थापनांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं हा कर्नाटकचा २०२४ चा दुरुस्ती कायदा आहे, तेव्हा पेंटरला सांगताना कन्नड मोठं आणि वर असंच सांगा. आमच्या पेंटरनं कन्नड ओळ पहिल्यांदा चुकीची लिहिली होती. बैलहोंगलच्या एका वऱ्हाडातल्या मास्तरांनी ती दाखवून दिली आणि आम्ही पुन्हा रंगवून घेतली. पाटीची गंमत व्हायला नको, लोकांनी ती खरी मानायला हवी.

दारात प्रत्यक्ष काय करायचं

मागच्या वैशाखातली गोष्ट. तिसरी पंगत बसली होती, मी जिलबीच्या ताटाबरोबर रांगेतनं जात होते. चाळिशीचा एक माणूस पत्रावळीवर वाकला आणि शर्ट वर सरकला. कमरेशी, बनियनच्या खाली, लाकडी मूठ दिसली. चौकटी-चौकटीची खरखरीत मूठ आणि तिच्या टोकाला दोरी बांधायची लोखंडी कडी. होल्स्टर नाही, नुसती पट्ट्यात खोचलेली. त्याच्या डाव्या मांडीला टेकून त्याचंच चार-पाच वर्षांचं पोर बसलेलं, आणि पोराचा हात बापाच्या पट्ट्यापाशी.

मी तिथं काहीच बोलले नाही. जेवताना माणसाला उठवायचं नाही, हे तर आपल्याकडं आहेच, पण खरं कारण दुसरं. चारचौघांत बोललं की माणूस चिडतो आणि हात कमरेकडं जातो. मी वाढप्याला त्या पोराला आइस्क्रीमच्या टेबलाकडं न्यायला सांगितलं, मुलीच्या मामांना बोलावलं, आणि त्याचं हात धुऊन होईपर्यंत थांबले. मग मामांनी "दाजी, जरा ऑफिसात येता का, चहा घेऊ" म्हटलं. ऑफिसात मी सरळ सांगितलं, "दाजी, तुमच्याकडं हत्यार आहे, आमच्याकडं ते चालत नाही, पावतीवर लिहिलंय. तुम्ही राग मानू नका."

तो भला माणूस निघाला. लगेच परवान्याची पुस्तिका काढून दाखवली, मी मागितली नव्हती. आणि तिथं खरी अडचण दिसली. पुस्तिकेत परवाना कुठवर चालतो त्या रकान्यात शिक्का होता, 'महाराष्ट्र राज्य'. तो चंदगडहून आला होता. शिनोळी ओलांडून बाचीत शिरला त्या क्षणी त्याचा परवाना लागू राहिला नव्हता. त्याला याची कल्पनाच नव्हती. "अहो, आमचं शेत इकडं आहे, रोज येतो-जातो," म्हणाला. रोज येतो-जातो हे खरं, सीमेवरच्या शेकडो घरांचं तसंच आहे. लोक दळायला, दवाखान्यात, बाजाराला पलीकडं जातात तेव्हा रेघ दिसत नाही. हत्याराला मात्र ती लागते.

त्याला मी कपाट दिलं नाही. गाडीच्या डिकीत ठेवतो म्हणाला, तेही नको म्हटलं, कारण बंद गाडीत सोडलेलं हत्यार त्याच्या ताब्यात राहत नाही आणि गाडी फुटली तर चोरीची तक्रार द्यायला त्यालाच ठाण्यात जावं लागणार. त्याच्या मेव्हण्यानं गाडी काढली, दोघं परत शिनोळीकडं गेले, घरी ठेवून तासाभरात परत आले. तोवर अक्षता पडून झाल्या होत्या, पण मुलीची पाठवणी त्यांना मिळाली.

यातनं मी जो क्रम धरला आहे तो असा. आधी आजूबाजूची मुलं हलवायची. मग त्याच्याच घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पुढं करायचं, वॉचमनला नाही. बाजूला घेऊन बोलायचं. हत्यार बाहेर काढून दाखवा असं चुकूनही म्हणायचं नाही, कुणी काढायला लागला तर "राहू दे, तिथंच राहू दे" म्हणायचं. त्याला हत्यारासकट बाहेर जायला सांगायचं, म्हणजे घरी. लांबचा असेल आणि परवाना इथं चालत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करता येतं, पावती मिळते. नकार दिला, दारू प्यालेला असला, किंवा मूठ लोकांना दाखवत फिरत असला तर ११२ लावायचा. तिथं नातं बघायचं नाही. फोनवर कार्यालयाचं ठिकाण, माणसाचा वेष आणि तो आत्ता कुठं उभा आहे एवढंच सांगायचं.

गोळी झाडलीच गेली तर वाद्यं लगेच बंद करायची आणि लोकांना आत घ्यायचं. खाली पडलेल्या पुंगळीला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायचं. बरीच यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवतात. आणि मिटवामिटवी करणाऱ्या मंडळींना ऑफिसात बसू द्यायचं नाही. लग्नाचा दिवस आहे, मुलीकडची बदनामी होईल, हे मला नेहमी ऐकवतात. मुलीकडच्यांची मला काळजी आहे म्हणूनच मी फोन लावते.

पुढाऱ्यांबरोबर येणाऱ्या माणसांबद्दल एक वाक्य. सरकारी पोलीस ड्युटीवर असेल तर त्याचं हत्यार हा वेगळा विषय, त्याला हा कायदा तसा लागत नाही. पण खासगी पगारावरचा गनमॅन आणि सुट्टीवर आलेल्या जवानाचं स्वतःचं हत्यार, दोन्ही परवान्यावरच चालतात आणि दोघांनाही आमच्या फाटकावर तीच पाटी.

नवरदेवाच्या हातातली कट्यार बहुतेक भाड्याची आणि बोथट असते, ती मी अडवत नाही. धारेची तलवार घेऊन नाचायला मात्र नाही.

आपल्या घरात, आपल्या शेतात

आमच्या घरी बारा बोअरची एकनळी आहे, परवाना ह्यांच्या नावावर. भात आणि उसाला डुकरांचा त्रास आहे म्हणून सासऱ्यांनी घेतली होती. सासरे गेले तेव्हा बंदूक चार महिने माळ्यावर तशीच होती, दुःखात कुणाच्या लक्षात आलं नाही. हीही चूकच. धारक वारला की परवाना संपतो, आणि घरात राहिलेलं हत्यार वेळ न घालवता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं असतं. मग वारसानं स्वतःच्या नावावर परवान्याचा अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, पोलीस चौकशी, असं ते चालतं. तुमच्या घरात वडील हयात आहेत तर आत्ताच लक्ष घाला. धारकाला ७० वर्षं झाली किंवा त्यानं ते हत्यार २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावावर परवाना मागू शकतो, असा नियम २०१६ पासून आहे. सासऱ्यांना हे माहीत असतं तर आमची धावपळ वाचली असती.

परवाना ह्यांच्या नावावर असल्यानं मी बंदुकीला हात लावत नाही. कपाटाची किल्लीही ह्यांच्याकडंच. शेतावर जाताना ती कॅनव्हासच्या कव्हरात जाते, काडतुसं वेगळ्या पिशवीत, आणि बांधावर पोचल्यावरच कव्हर निघतं. घर ते शेत हा रस्ता सार्वजनिकच आहे, अर्धा किलोमीटर असला तरी. शेतात काम करणाऱ्या गड्याच्या हाती राखणीला बंदूक देणारे लोक आहेत. तसं करायचं असेल तर परवान्यावर त्या गड्याचं नाव रिटेनर म्हणून, म्हणजे धारकाच्या वतीनं हत्यार बाळगणारा माणूस म्हणून, चढवून घ्यावं लागतं. नुसतं "आमचाच माणूस आहे" म्हणून भागत नाही. आणि परवाना पिकाच्या राखणीसाठी असेल तर तो त्याच कामासाठी, लग्नाला मिरवायला नाही. अटी मोडल्या तर कलम ३० आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना जाण्याची भीती वेगळी.

स्वतःच्या शेतात आहोत म्हणून समोर दिसेल त्याच्यावर चालवता येत नाही. गवा, डुक्कर, भेकर, सगळ्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं. तिथनं भीमगड अभयारण्य लांब नाही. अभयारण्याच्या आत किंवा हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं आपली नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडं करायची असते, आणि त्या १० किलोमीटरच्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर त्यांची आधी संमती लागते. अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला त्यांची लेखी परवानगी लागते. हेम्मडगा, गवाळी, तळेवाडी या बाजूला पाव्हण्यांकडं जाताना गाडीत बंदूक असेल तर वाट कुठनं जाते ते आधी बघा. "मी काही शिकारीला निघालो नाही" हे चेकपोस्टवर सांगून उपयोग होत नाही. भावाकडं ठासणीची बंदूक आहे, पिकाच्या राखणीची. तो तिला गावाबाहेर नेतच नाही.

कुणीतरी नेहमी म्हणतं की कर्नाटकात कोडगूत, म्हणजे कूर्गात, परवाना लागत नाही, मग आपल्याला का? ती सूट कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा नावाच्या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना आहे, ब्रिटिश काळापासून चालत आलेली. २०१९ च्या अधिसूचनेनं ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. बेळगाव जिल्ह्याला तिचा काही संबंध नाही.

एअरगनचंही विचारतात. नळी पॉइंट १७७ इंचापर्यंतची आणि ताकद २० ज्यूलपेक्षा कमी असेल तर परवाना लागत नाही. पण आमच्या फाटकावर तीही नको. लांबनं बघणाऱ्या लोकांना फरक कळत नाही आणि पळापळ तशीच होते.

सीमेवरच्यांनी कॅलेंडरवर खूण करावी असे दिवस

आपल्याकडं वर्षात काही दिवस परवाना असूनही हत्यार घराबाहेर काढता येत नाही. १ नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस एकाच दिवशी. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तो डिसेंबरचा काळ. या वेळी बंदीचे आदेश निघतात, पूर्वीचं कलम १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. आदेशात क्षेत्र, तारखा आणि काय बंद हे लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा तलवारी-काठ्यासुद्धा. नोव्हेंबर-डिसेंबरात तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त असतात, म्हणून मी बुकिंगवाल्यांना आदल्या आठवड्यात फोन करून सांगते. आदेश कन्नडात असतो. तो वाचता येत नसेल तर ओळखीच्या कुणाकडनं पूर्ण वाचून घ्या, व्हॉट्सॲपवरच्या सारांशावर जाऊ नका. एका वर्षी फिरत असलेल्या सारांशात तारीखच चुकीची होती.

निवडणुकीत आचारसंहिता लागली की ठाण्यातनं हत्यार जमा करण्याचा निरोप येतो. २०२४ च्या लोकसभेला बेळगाव, चिक्कोडी आणि खानापूर ज्यात येतं तो उत्तर कन्नड, तिन्ही मतदारसंघांत ७ मे रोजी मतदान होतं आणि त्याच्या आसपास आमच्याकडं लग्नंच लग्नं होती. निरोप आला की जमा करायचं. देताना पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि परवान्याचा क्रमांक मराठी-कन्नड कुठल्याही भाषेत का असेना पण बरोबर लिहिला आहे का ते खिडकीसमोरच वाचायचं. एकदा आमच्या पावतीवर नंबराचा एक आकडा चुकला होता, बंदूक परत घ्यायला तीन खेपा झाल्या.

आणि सीमा ओलांडून लग्नाला जाणार असाल तर आदल्या रात्री पुस्तिका उघडून तो रकाना वाचा. 'कर्नाटक' एवढंच असेल तर शिनोळी, गडहिंग्लज, कागल, चोर्ल्याच्या पलीकडं गोवा, कुठंच नेता येत नाही. खरंच गरज असेल तर व्याप्ती वाढवून घेण्याचा अर्ज परवाना देणाऱ्या कार्यालयात करायचा, म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडं, बाकी जिल्ह्यात डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसात. लग्नाच्या आधल्या दिवशी तो होत नाही. आम्ही कोवाडला नणंदेच्या मुलाच्या लग्नाला गेलो तेव्हा एकनळी घरात कुलपात राहिली आणि ह्यांनी किल्ली बरोबर घेतली.

आमच्या बुकिंगच्या पावतीमागं जे छापलेलं आहे ते खाली देते. वकिलाकडनं बघून घेतलेलं आहे. कन्नड मजकूर तुमच्याकडच्या चांगल्या जाणकाराकडनं करून घ्या.

"या कार्यालयाच्या आवारात, वाहनतळासह, कोणतंही अग्निशस्त्र, एअरगन किंवा धारेचं हत्यार आणण्यास मनाई आहे. परवाना असला तरी ही मनाई लागू आहे. कार्यालय कोणाचंही हत्यार ठेवून घेणार नाही. सांगितल्यावर हत्यारासह आवाराबाहेर जाणं बंधनकारक आहे. आवारात गोळी झाडली गेल्यास कार्यक्रम थांबवून पोलिसांना कळवलं जाईल आणि अनामत परत मिळणार नाही. ही अट आपल्या सर्व पाहुण्यांना कळवण्याची जबाबदारी बुकिंग करणाऱ्याची राहील. वाचून सही करावी."